लांब बंदुकीचे हात आणि पहिलें पिस्तूल

एका शस्त्रावर ज्याचा हात पूर्ण बसला आहे, त्यानें दुसरें शस्त्र प्रथमच निवडावयाचें झालें म्हणजे तो त्यांत काय पाहतो, हा प्रश्न वरकरणी शिकाऱ्यांच्या गप्पांतला वाटेल. परंतु १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत टेक्सासच्या सरहद्दीवरील मूठभर स्वारांपुढें तोच प्रश्न जीवनमरणाच्या रूपानें उभा राहिला. आणि त्यांनीं त्याचें जें उत्तर दिलें तें आमच्या मतें जितकें समजण्यासारखें तितकेंच चुकीचें होतें.

टेक्सास १८३६ सालीं मेक्सिकोपासून फुटून स्वतंत्र झालें. तेथें वस्तीस आलेले बहुतेक गोरे लोक टेनेसी, केंटकी वगैरे रानाळ मुलुखांतले. त्यांची बंदूक म्हणजे पेन्सिल्व्हेनियांतील जर्मन कारागिरांनीं घडविलेल्या वाणाची लांब नळीची, आंतून पिळदार आटे पाडलेली, ठासणीची रायफल. झाडाच्या बुंध्याला टेकून, दस्ता खांद्यांत घट्ट बसवून, माशीवर डोळा ठेवून एकच गोळी सोडावयाची व ती फुकट जाऊं द्यावयाची नाहीं, हें या लोकांचें लहानपणापासूनचें शिक्षण. रानांत तें उत्तम होतें. परंतु पश्चिमेकडे सरकतां सरकतां रान संपलें आणि गवताचीं अफाट मैदानें लागलीं. तेथें गांठ पडली ती कोमान्चींशीं. घोड्यावर बसण्यांत या जमातीची बरोबरी करणारे लोक त्या खंडांत क्वचितच असतील. धांवत्या घोड्यावरून लांब रायफलीचा नेम साधत नाहीं, म्हणून खालीं उतरणें भाग. एक बार झाला कीं दारू ओतणें, गोळी गजानें ठासणें, टोपी बसविणें यांत अर्धें-पाऊण मिनिट सहज जाई. तेवढ्या अवधींत कोमान्ची स्वार अंतर तोडून येई आणि एकामागून एक अनेक बाण सोडी. शत्रूचा बार रिकामा होईपर्यंत दूर राहावयाचें व मग तुटून पडावयाचें, हा त्याचा डाव. तोड्याच्या बंदुकीच्या काळांतील आपल्या लढायांचीं वर्णनें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस हा डाव समजावून सांगावयास नको. एकबारी पिस्तुलें या लोकांजवळ होतींच. पण एका गोळीनें अडचण कितीशी टळणार?

ज्यानें ही अडचण सोडविली त्या सॅम्युएल कोल्टचा हिंदुस्थानाशीं थोडा संबंध आहे. १८३० सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तो 'कॉर्व्हो' नांवाच्या जहाजावर बोस्टनहून कलकत्त्याच्या सफरीस निघाला. या सफरींतच त्यानें फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा लांकडी नमुना कोरला. १८३६ सालीं अमेरिकेंत त्याला त्या युक्तीचा एकाधिकार मिळाला आणि न्यू जर्सींतील पॅटर्सन येथें कारखाना निघाला. सरकारी सैन्यानें त्याच्या मालाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं व १८४२ सालीं कारखाना बुडाला. मात्र १८३९ सालीं टेक्सासच्या आरमारानें त्याचीं १८० पिस्तुलें विकत घेतलीं होतीं. पुढें आरमार मोडकळीस आलें आणि हीं पिस्तुलें सरहद्दीवरील 'रेंजर' पथकांच्या हातीं पडलीं. समुद्रासाठीं घेतलेलें हत्यार असें कोरड्या मैदानावर घोडेस्वारांस मिळालें.

तें हत्यार कांहीं फार चांगलें नव्हतें. चक्रांत पांच घरें, नळीचें तोंड ३६ शतांश इंच, गोळी हलकी. चाप आंत दडलेला, तो घोडा चढविल्यावरच खालीं येई. (येथें घोडा म्हणजे पिस्तुलाचा, या विषयांत दोन घोड्यांची गल्लत होण्याचें भय सदैव असतें.) सुरुवातीच्या नमुन्यांत पुन्हां बार भरावयाचा म्हणजे नळी उतरवून चक्र बाहेर काढावें लागे, उधळत्या जनावराच्या पाठीवर हे सुटे भाग सांभाळणें म्हणजे कसरतच. रायफलीच्या माणसानें हें खेळणें हातांत घेऊन बाजूस ठेवलें असतें तरी त्यास दोष देतां आला नसता.

पण ८ जून १८४४ रोजीं, ग्वादालूप नदीच्या खोऱ्यांत वॉकर्स क्रीक या ओढ्याजवळ, कॅप्टन जॅक हेजच्या सुमारें पंधरा स्वारांची गांठ त्यांच्या कित्येक पट कोमान्चींशीं पडली. रेंजरांचे रायफलींचे बार झाल्यावर कोमान्ची नेहमींप्रमाणें पुढें सरसावले. परंतु समोरचे लोक बार भरण्यास थांबले नाहींत. ते घोड्यांवरूनच भिडले, आणि एकेका हातांतून पांच पांच गोळ्या निघूं लागल्या. लढाई पळत्या घोड्यांवर मैलोगणती चालली. हेजकडील एक मनुष्य मेला व कांहीं जखमी झाले. कोमान्ची किती पडले याचे आंकडे वृत्तांतागणिक बदलतात, आणि ते सारे एकाच पक्षाचे आहेत हें वाचकांनीं विसरूं नये. शेवटीं सर्वांचे बार संपत आले असतां कोमान्चींचा नायक आपली माणसें पुन्हां गोळा करूं लागला. ज्याच्या बंदुकींत बार उरला असेल त्यानें त्याला पाडावें, असें हेज ओरडला. तेव्हां गिलेस्पी नांवाचा रेंजर घोड्यावरून उतरला, त्यानें सावकाश नेम धरला आणि नायकाला पाडलें, अशी हकीकत सांगतात. ही गोष्ट बोलकी आहे. दिवसभराचें काम नव्या शस्त्रानें केलें. शेवटची गोळी मात्र जुन्या वळणानेंच सुटली.

त्या दिवशीं भाल्याची जबर जखम झालेल्यांत सॅम्युएल वॉकर हा होता. पुढें मेक्सिकोचें युद्ध सुरू झालें, वॉकर सरकारी स्वारांच्या एका पलटणींत कॅप्टन झाला, आणि नोव्हेंबर १८४६ मध्यें त्यानें कोल्टला पत्र लिहून या लढाईंत त्याच्या पिस्तुलानें काय केलें तें कळविलें. दोघांची भेट झाली व नवें पिस्तूल ठरलें. जानेवारी १८४७ मध्यें सरकारनें प्रत्येकीं २५ डॉलर दरानें एक हजार नग मागविले. कोल्टजवळ तेव्हां कारखाना नव्हता. ते नग व्हिटनीव्हिल येथें ईलाय व्हिटनी (धाकटा) याच्या कारखान्यांत तयार झाले.

आतां या मागणीचें स्वरूप पाहावें. सहा घरें, उघडा चाप, त्याला आडोसा, बार ठासण्यास नळीखालीं जोडलेली तरफ, ह्या सुधारणा शहाणपणाच्या होत्या व त्या टिकल्या. पण बाकीचें? नळीचें तोंड ४४ शतांश इंच, नळी ९ इंच लांब, आणि प्रत्येक घरांत ६० ग्रेनपर्यंत दारू, म्हणजे कित्येक शिकारी रायफलींत घालीत त्याहूनही अधिक. वजन ४ पौंड ९ औंस. आपल्या जुन्या मापानें सव्वादोन शेर! असलें पिस्तूल कमरेस लावून हिंडतां येत नसे, तें खोगिरास टांगावें लागे. हें पिस्तूल नव्हतेंच. दस्ता कापून टाकलेली रायफल होती. दूरचा मारा, जड गोळी, भरपूर दारू, हे सगळे गुण त्यांनीं आपल्या ओळखीच्या शस्त्रांतून उचलले आणि जें शस्त्र एका हातानें पेलावयाचें त्याजकडे मागितले. रायफलीचा नेम स्थिर राहतो तो निम्मा खांद्याच्या बळावर. पिस्तुलाला खांदा नाहीं. आणि वॉकर्स क्रीकवर त्यांस ज्यानें तारलें तें लहान तोंडाचें, हलक्या गोळीचें, पांचबारी पॅटर्सनच होतें. त्याचा गुण पल्ल्यांत नव्हता. शत्रू ज्या क्षणीं 'आतां बार रिकामा' असें समजे, त्या क्षणीं तो रिकामा नसे, यांत होता. शस्त्र वापरतांना त्यांस हें कळलें. निवडतांना मात्र तें डोळ्यांआड झालें.

त्यांच्या बाजूनें एक गोष्ट बोललीच पाहिजे. त्यांस माणसाइतकाच घोडाही पाडावयाचा असे, आणि हलकी गोळी त्यास पुरेशी नसे. तरीही धातूला तो भार झेपला नाहीं. दारू ठासून भरली कीं कित्येक पिस्तुलांचीं चक्रें फुटत. बाराच्या धक्क्यानें ठासणीची तरफ खालीं पडून चक्र अडकून बसे. वॉकरला स्वतःला या सर्वांचा अनुभव घेण्यास वेळ मिळाला नाहीं. कोल्टनें भेट म्हणून पाठविलेली जोडी हातीं येऊन थोडेच दिवस झाले होते, तोंच ९ ऑक्टोबर १८४७ रोजीं वामांत्ला येथील लढाईंत तो ठार झाला.

पुढची कथा उतरत्या वजनाची आहे. १८४८ च्या 'ड्रॅगून' नमुन्यांत दारूचीं घरें आंखूड झालीं व नळी साडेसात इंचांवर आली, तरी वजन चार पौंडांच्या वरच राहिलें. १८५१ चें 'नेव्ही' मात्र पुन्हां ३६ शतांश इंचाचें, सुमारें अडीच पौंडांचें व कमरेस लावतां येण्याजोगें निघालें. म्हणजे हिंडून फिरून पॅटर्सनच्याच मापाशीं, पण बार ठासण्याची तरफ व उघडा चाप घेऊन! ४४ शतांशाची गोळी अशा हलक्या पिस्तुलांत बसण्यास १८६० साल व अधिक चांगलें पोलाद यावें लागलें.

वॉल्टर प्रेस्कॉट वेब या टेक्सासच्या इतिहासकारानें १९३१ सालच्या आपल्या ग्रंथांत रिव्हॉल्व्हरास मैदानी मुलुखाचें खरें शस्त्र ठरविलें, व गोऱ्यांच्या तेथील विजयाचें मोठें श्रेय त्यास दिलें. स्वारास साजेसें हत्यार इंग्रजी बोलणाऱ्या वसाहतवाल्यांस यापूर्वीं मिळालें नव्हतें, एवढें आम्हांस मान्य आहे. परंतु शस्त्राच्या इतिहासास लोकांचा इतिहास समजण्यास आम्ही तयार नाहीं. वॉकर्स क्रीकनंतर तीस वर्षें कोमान्ची आपल्या मुलुखांत टिकले. १८४९ च्या पटकीनें त्यांची जी हानि केली ती पिस्तुलांच्या हिशेबांत येत नाहीं. १८७० नंतरच्या दशकांत गव्यांच्या कळपांची कातड्यासाठीं जी कत्तल झाली तीही दूरच्या पल्ल्याच्या जड रायफलींनीं झाली. सप्टेंबर १८७४ मध्यें कर्नल मॅकेन्झीच्या स्वारांनीं पालो ड्युरो दरींतील त्यांच्या छावण्यांवर छापा घातला, तेव्हां माणसें थोडींच मेलीं. परंतु हातीं लागलेल्या घोड्यांपैकीं हजारांहून अधिक घोडे मॅकेन्झीनें दुसऱ्या दिवशीं एकत्र करवून गोळ्या घालून मारले. पुढल्या उन्हाळ्यांत, जून १८७५ मध्यें, क्वाना पार्करची शेवटची टोळी फोर्ट सिल येथें येऊन शरण गेली.