‘वादग्रस्त’ : प्रक्षेपण-नकाराची परिभाषा

चर्चचे दार कोणासही बंद नाही, असे सांगणारी ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ या पंथाची जाहिरात २००४ साली अमेरिकेत सीबीएस व एनबीसी यांनी वादग्रस्त म्हणून नाकारली. धर्मद्वेष व पौरुषकल्पना यांची चिकित्सा करणारा मुंबईच्या आनंद पटवर्धन यांचा ‘फादर, सन अँड होली वॉर’ (१९९५) हा अनुबोधपट दूरदर्शननेही असाच नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने प्रक्षेपणाचा आदेश दिला. २५ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनचे अपील फेटाळले. कृती समग्रपणे व सामान्य, निरोगी दृष्टीने पारखावी, असे सांगून न्यायालयाने पाहणारा कोण हे निश्चित केले. ‘वादग्रस्त’ हा समास मात्र वाद घालणाऱ्यास अदृश्य ठेवून दोष कृतीवरच टाकतो. अशा नकारांच्या अभ्यासात त्या लुप्त कर्त्याचा शोध प्रथम घेणे अगत्याचे ठरते.