निरोप पोहोचला, वीज मागे राहिली : बिनतारी चार्जिंगची दोन शतके

१/१७
१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर गुल्येल्मो मार्कोनी यांनी इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून आलेला बिनतारी संकेत ऐकला, असे त्यांनी पुढे जाहीर केले. ‘एस’ या अक्षराची ती तीन टिंबे होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर निकोला टेस्ला एक मनोरा उभारत होते. निरोपाबरोबर वीजही तारेवाचून दूरदेशी पाठवावी, हे त्यांचे स्वप्न होते. निरोपाने पुढे जग व्यापले. वीज मात्र मोबाइलपर्यंत तारेवाचून पोहोचली ती शंभराहून अधिक वर्षांनी, आणि तीही काही मिलिमीटरच. एकाच स्वप्नाच्या दोन भागांची गती इतकी निराळी का झाली, त्याचा हा इतिहास.

२/१७
आरंभ लंडनमध्ये होतो. २९ ऑगस्ट १८३१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी नरम लोखंडाच्या सहा इंची कड्यावर प्रयोग केला. कड्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, दुसऱ्या बाजूला दुसरे. दोघांत विजेचा कोणताही सांधा नव्हता. पहिले वेटोळे बॅटरीला जोडताच दुसऱ्याशेजारची चुंबकसूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी काढताच ती पुन्हा हलली, पण उलट दिशेने.

३/१७
प्रवाह अखंड वाहत असताना सूची स्वस्थ राही. हलवत होता तो प्रवाहातील बदल. बदलत्या प्रवाहाभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करते. हेच विद्युतचुंबकीय प्रवर्तन. रस्त्याच्या कडेचे रोहित्र याच तत्त्वावर चालते. स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडीही त्याच घराण्यातली. तिथे भांड्याचा बूडच दुसऱ्या वेटोळ्याचे काम करतो आणि तापतो.

४/१७
फॅरडे यांच्या कड्यात लोखंडाचे मोठे साहाय्य होते. चुंबकीय क्षेत्राला ते एका वेटोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत वाट काढून देते. लोखंड काढून मध्ये हवा ठेवली की क्षेत्र चहूकडे विखुरते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने पुष्कळ दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले तर क्षेत्र एक अष्टमांश उरते. बिनतारी विजेच्या प्रत्येक प्रयत्नाला या हिशेबाशी झुंजावे लागले.

५/१७
२० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजमध्ये विद्युत अभियंत्यांच्या सभेपुढे टेस्ला यांनी व्याख्यान दिले. धातूच्या दोन मोठ्या पत्र्यांमध्ये त्यांनी उच्च वारंवारितेचे विद्युतक्षेत्र निर्माण केले होते. त्यात धरलेल्या काचेच्या नळ्या कोणत्याही तारेवाचून उजळल्या. एका खोलीत जे घडले ते पृथ्वीभर का घडू नये, हा विचार त्यानंतर टेस्ला यांना सोडून गेला नाही.

६/१७
याच दशकात दुसऱ्या, अधिक संयमी वाटेचाही प्रारंभ झाला. मॉरिस युतँ आणि मॉरिस लब्लाँ या फ्रेंच अभियंत्यांना विद्युत रेल्वेला घासत्या तारेवाचून वीज पुरवायची होती. त्यासाठीच्या प्रवर्तन पद्धतीचे अमेरिकी पेटंट त्यांना १८९४ साली मिळाले. रूळमार्गालगतची वाहिनी आणि गाडीखालचे वेटोळे यांच्यातील अंतर तेवढे त्यांना ओलांडायचे होते. दूरचा ध्यास आणि जवळचा व्यवहार, अशा दोन वाटा येथून वेगळ्या झाल्या.

७/१७
टेस्ला दूरच्या वाटेने गेले. १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्यांनी प्रचंड विद्युतदाबाचे प्रयोग केले. पुढे जे. पी. मॉर्गन या धनाढ्याने १,५०,००० डॉलर देऊ केले आणि १९०१ पासून वॉर्डनक्लिफ येथे १८७ फूट उंचीचा मनोरा उभा राहू लागला. मॉर्गन यांना हवी होती ती अटलांटिकपार संदेशसेवा. टेस्ला यांनी योजना वाढवत नेली, खर्चही वाढला आणि मॉर्गन यांनी अधिक पैसा देण्यास नकार दिला. मनोरा अपुराच राहिला. कर्जापायी जागा हातची गेली आणि १९१७ साली तो पाडण्यात आला.

८/१७
या पराभवाचे खापर बहुधा मॉर्गन यांच्यावर फोडले जाते. परंतु पैसा मिळाला असता तरी मूळ अडचण सुटली नसती. निरोपाला पोहोचण्यासाठी ऊर्जेचा नगण्य अंश पुरतो. प्रक्षेपकातून निघालेली जवळजवळ सारी ऊर्जा वाटेत विखुरली, तरी उरलेला कण ओळखून संदेश वाचता येतो. दिवा पेटवायचा तर ती विखुरलेली ऊर्जाच हवी असते. मार्कोनी यांना जो अपव्यय परवडला, तो टेस्ला यांना परवडण्यासारखा नव्हता.

९/१७
ऊर्जा विखुरू न देता झोतासारखी पाठवता येते, हे पुढे सिद्ध झाले. अमेरिकेत विल्यम ब्राउन यांनी १९६४ साली सूक्ष्मलहरींच्या झोतावर एक छोटे हेलिकॉप्टर उडवून दाखवले. १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून अधिक शक्ती पोहोचली. परंतु त्यासाठी अवाढव्य अँटेना लागली आणि झोताच्या वाटेत मनुष्य येऊन चालणारे नव्हते. घरातल्या मेजावर हा उपाय निरुपयोगी होता.

१०/१७
घरात शिरली ती जवळची वाट, आणि तीही न्हाणीघरातून. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून ब्राउन कंपनीचे ओरल-बी विद्युत टूथब्रश प्रवर्तनाने चार्ज होऊ लागले. ओल्या हाताने धरायच्या वस्तूवर धातूचे उघडे टोक नको होते, आणि ब्रश रात्रभर खुंटीवर उभा राहिला तरी कोणाची तक्रार नव्हती. वेग नको, अंतर नको, निर्धोकपणा हवा. प्रवर्तनाला अनुकूल अशी गरज प्रथमच सापडली होती.

११/१७
१९९६ साली आलेल्या जनरल मोटर्सच्या ‘ईव्ही१’ या विद्युत मोटारीनेही हेच तत्त्व वापरले. प्लास्टिकने मढवलेली वल्ह्यासारखी पट्टी गाडीच्या खाचेत सरकवायची, म्हणजे पावसातही धोका नाही. परंतु इतर कंपन्या धातूच्या स्पर्शाने जोडणारे चार्जर वापरत होत्या. २००१ साली कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाने स्पर्शाच्या पद्धतीला कौल दिला आणि खाचेतली पट्टी लवकरच मागे पडली. यंत्र चालत होते, एकमत नव्हते. मोबाइलच्या इतिहासात हाच धडा पुन्हा गिरवला जाणार होता.

१२/१७
मोबाइलचा प्रश्न एका भौतिकशास्त्रज्ञाच्या झोपमोडीतून ऐरणीवर आला. एमआयटीतील मारिन सोल्याचिच यांना चार्ज करायचा राहिलेला मोबाइल रात्री-अपरात्री आवाज करून उठवी. त्यांनी अनुस्पंदनाचा आधार घेतला. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके झोके दिले तर तो उंच जातो. तसेच एकाच वारंवारितेला जुळवलेली दोन वेटोळी दुरूनही ऊर्जेची देवघेव करतात. २००७ साली त्यांच्या गटाने दोन मीटरवरचा ६० वॅटचा दिवा सुमारे ४० टक्के कार्यक्षमतेने पेटवला.

१३/१७
वृत्तपत्रांना वाटले की टेस्ला यांचे स्वप्न साकार झाले. मात्र त्या प्रयोगातील वेटोळी सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची होती. अंतराचा हिशेब नेहमी वेटोळ्याच्या आकाराशी बांधलेला असतो. मोबाइलच्या पाठीत मावेल ते वेटोळे काही सेंटिमीटरचे, म्हणून त्याची पोचही तेवढीच. २००९ साली पाम कंपनीने आपल्या फोनसाठी ‘टचस्टोन’ हा चार्जर आणला, तेव्हा तिने दूरचा मोह धरलाच नाही. फोन योग्य जागी चिकटून बसावा म्हणून तिने चुंबक वापरले.

१४/१७
आता प्रश्न उरला एकमताचा. डिसेंबर २००८ मध्ये ‘वायरलेस पॉवर कन्सॉर्टियम’ हा कंपन्यांचा संघ स्थापन झाला. त्याने आपल्या मानकाला ‘ची’ हे नाव दिले. चिनी परंपरेत तो प्राणशक्तीचा वाचक शब्द. २०१० साली त्याचे पाच वॅटचे पहिले मानक आले. २०१२ मध्ये दोन प्रतिस्पर्धी संघ उभे राहिले आणि २०१५ मध्ये ते एकत्र झाले. एका उपाहारगृहातील चार्जर चाले, तर शेजारच्यातील चालत नसे. २०१५ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस६ मध्ये दोन परस्परविरोधी मानकांची सोय करावी लागली, यातच सारे आले.

१५/१७
‘ची’च्या रचनेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चार्जरची चकती आंधळेपणाने शक्ती ओतत नाही. आधी ती हलकी चाचपणी करते. वर फोन असेल तर तो आपल्या वेटोळ्यावरचा भार किंचित बदलतो, आणि तो बदल चकतीला संदेश म्हणून जाणवतो : अधिक हवे, कमी करा, पुरे. मध्ये किल्ली वा नाणे सापडले तर ते तापण्यापूर्वी थांबण्याची तजवीजही आहे. १९०१ साली ज्या निरोपाने विजेला मागे टाकले, त्याच्याच आधाराने आता वीज सुरक्षितपणे पोहोचते.

१६/१७
निकाल लागला २०१७ मध्ये. ॲपलने आयफोन ८ आणि आयफोन टेनमध्ये ‘ची’ स्वीकारले आणि मानकांचा वाद जवळपास मिटला. तीन उपकरणे कशीही ठेवून चार्ज करणारी ‘एअरपॉवर’ चटईही तेव्हाच जाहीर झाली. आपल्या दर्जाला ती उतरत नाही, असे सांगून कंपनीने मार्च २०१९ मध्ये ती रद्द केली. वेटोळी समोरासमोर आणण्यासाठी २०२० मध्ये ‘मॅगसेफ’ चुंबक आले. त्यांवर आधारलेले ‘ची २’ हे मानक २०२३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पामने २००९ साली ओळखलेली गरज शेवटी मानकात स्थिरावली.

१७/१७
या सोयीची किंमत अजूनही आहे. वेटोळी थोडी सरकली की वीज उष्णतेत जाते, आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. शिवाय ‘वायरलेस’ म्हणवणाऱ्या चकतीपासून भिंतीतल्या प्लगपर्यंत तार असतेच. जवळजवळ दोनशे वर्षांच्या खटपटीने तारेचे शेवटचे काही मिलिमीटर वाचवले. वॉर्डनक्लिफचा मनोरा गेला, तरी त्याचा अष्टकोनी पाया आजही तिथे आहे. २०१३ साली ती जागा एका ना-नफा संस्थेने लोकवर्गणीच्या बळावर विकत घेतली आणि आता तिथे टेस्ला यांच्या नावाचे विज्ञानकेंद्र उभे राहत आहे.
(समाप्त)