तारेत ओवलेली पत्रं

१५ नोव्हेंबर १९७१ नंतर टपालात पडलेलं एखादं पाकीट घरात सापडलं तर त्यावरची तिकिटं नीट पाहावीत. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक असेल. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसं भारतात आली होती आणि त्यांच्या मदतीसाठी सरकारनं टपालावर हा जादा कर बसवला होता. घाई इतकी होती की पहिल्यांदा कुटुंबनियोजनाच्या जुन्याच तिकिटांवर निर्वासितांच्या मदतीचा मजकूर छापून ती विकायला काढली. ३१ मार्च १९७३ पर्यंत हा कर चालला. त्या काळात धुळ्याहून शहाद्याला लेकीच्या सासरी पत्र टाकणाऱ्या बापानंही तो भरला. आत कपाशीचा भाव आणि बाळंतपणाला कधी आणायचं याची चौकशी असायची, आणि पाकिटावर ढाक्याची बातमी चिकटलेली असायची.

आपल्या घरांतली जुनी पत्रं अशी दुहेरी असतात. ती टिकली कशी, याची कुळकथा सांगायला धुळ्याइतकं योग्य गाव मला दुसरं दिसत नाही.

छापील कागद येण्याआधी पत्र जपायचं म्हणजे रुमालात बांधायचं. चौकोनी फडक्यात मोडीतले कागद गुंडाळून गाठ मारायची आणि गठ्ठा माळ्यावर किंवा पेटीत ठेवायचा. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे रुमाल शोधत गावोगाव फिरले. वाळवी, पावसाची गळती आणि रद्दीवाला या तिघांच्या आधी पोचण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ मधली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं होती. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ याच गावात उभं राहिलं. पत्र लिहिणाऱ्याचं काम संपलं की कागदाचं काम सुरू होतं, हे राजवाड्यांनी मराठी माणसाला शिकवलं. ती शिकवण मात्र आपण पेशवाईपुरतीच ठेवली.

वास्तविक पेशवाईतलं पत्र आणि आजोबांचं पत्र एकाच घराण्यातलं आहे. ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत असावे’ हा जुना मायना. त्याचंच ‘इकडील सर्व ठीक, तिकडील क्षेम कळवावे’ झालं आणि ते पोस्टकार्डावर येऊन बसलं. पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी आलं, पाव आण्याला. पत्र आता कारभाऱ्यांच्या हातून सुटून शेतकऱ्याच्या घरी पोचलं. घरात अहिराणी बोलणारा माणूस पत्र मात्र पुस्तकी मराठीत लिहायचा किंवा शिक्षकाकडून लिहून घ्यायचा. आलेली पत्रं खुंटीजवळच्या वाकवलेल्या तारेत ओवली जायची. खाली लाकडाची चकती, वर तारेचं टोक. जुनं खाली, नवं वर. या तारेनं पत्रांच्या पोटाला गंजकं भोक पाडलं, पण त्यांचा क्रम राखला.

एका जातीचं पत्र मात्र तारेवर कधी चढलं नाही. मरणाची बातमी आणणारं कार्ड वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत होती. म्हणून घरातला गठ्ठा चाळताना लग्नं, बारशी आणि पास झाल्याच्या बातम्या भरपूर भेटतात, आणि एखादं माणूस मात्र अचानक कुणाच्याच पत्रात येईनासं होतं. अशा गठ्ठ्यावरून घराचा इतिहास लिहिणाऱ्यानं ही गळती आधी लक्षात घ्यावी.

पुढची उडी महायुद्धानं मारायला लावली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली. मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. विमानात पत्रांना जागा नव्हती, म्हणून १९४१ पासून ‘एअरग्राफ’ निघाला. ठरावीक कागदावर लिहिलेल्या पत्राचा बारीक फोटो फिल्मवर घ्यायचा, विमानानं फक्त फिल्म पाठवायची, पलीकडे ती मोठी करून छापायची आणि घरी वाटायची. प्रत पोचली की मूळ कागद नष्ट करत. घरच्यांनी जपली ती हस्ताक्षराची सावली. शिवाय सैनिकांची पत्रं सेन्सॉर वाचायचा आणि त्यांतले उतारे काढून अहवाल तयार करायचा. ते अहवाल सरकारी दप्तरांत राहिले. ज्या पत्रांवर पाळत होती त्यांचे तुकडे टिकले, आणि ज्यांवर माया होती ती पुष्कळशी गेली. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

युद्धात दुसराही एक कागद रुळला. पाकीट वेगळं नाही, आत काही घालायचं नाही, लिहायचं, घडी करायची आणि चिकटवायचं. इराकच्या टपालखात्यात डग्लस गम्बली यांनी १९३३ मध्ये असा हलका कागद आणला होता. युद्धात तो सैनिकांच्या उपयोगी पडला. आपलं निळं अंतर्देशीय पत्र १९५० मध्ये आलं, ते याच जातीचं. कार्डापेक्षा जागा जास्त आणि पोस्टमननं वाचायची भीती नाही. सासरी गेलेल्या मुलीला ही आडोशाची जागा फार मोलाची होती. शेवटी उरलेलं मन ती चिकटवायच्या पट्टीवर आडवं लिहायची. आणि घाईनं उघडताना नेमकं तेच फाटायचं.

याच सुमारास, १९४९-५० मध्ये, साने गुरुजी पुतणी सुधाला पत्रं लिहीत होते. गुरुजींचा हात या कामाला खानदेशातच वळला होता. अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी ते हातानं लिहून रोज ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर सांगितलेली अठरा प्रवचनं त्यांनीच उतरून घेतली. त्यांचा हात चालला नसता तर ‘गीता प्रवचने’ आपल्याला मिळाली नसती. सुधाला लिहिलेली पत्रं त्यांच्या ‘साधना’ साप्ताहिकात आली आणि नंतर ‘सुंदर पत्रे’ या नावानं पुस्तक झाली. चीनमध्ये सत्ता पालटत होती, इंडोनेशिया डचांच्या हातून सुटत होता, आपली राज्यघटना अमलात येत होती, तेच हे महिने. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले आणि दोनच आठवड्यांनी कोरियात युद्ध पेटलं.

राजवाड्यांनी दीडशे वर्षं उलटलेली पत्रं वाचवली, गुरुजींनी शाई वाळते न वाळते तोच पत्र सगळ्या मुलांचं करून टाकलं. छापलेलं पत्र टिकतं खरं, पण त्याचं पाकीट, शिक्का आणि खाडाखोड गळून जाते. त्यामुळे घरातल्या मूळ कागदाला पर्याय नाही.

तो कागद तारखेशिवायही बोलतो. तिकिटावर सहाव्या जॉर्जचं डोकं असलं तर काळ ढोबळपणे स्वातंत्र्याच्या आसपासचा किंवा त्याआधीचा. पत्त्यात ‘जि. प. खा.’, म्हणजे पश्चिम खानदेश, असं असलं तर लिहिणारा जुन्या जिल्ह्यात वावरत होता. किंमत नव्या पैशांत असली तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. आणि ४२४००१ लिहिलेलं असलं तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचंच, कारण त्या दिवशी पिनकोड सुरू झाला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित आणि मराठी माणूस.

म्हणून वाडा पाडताना, घर विकताना तारेवरचा गठ्ठा रद्दीत घालू नका, आणि तारेवरून काढताना त्याचा क्रम मोडू नका. पाकीट आणि पत्र एकत्र ठेवा, घडी उलगडून सपाट करा, प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद करू नका, मागे पेन्सिलीनं कोण कुणाला लिहितंय ते नोंदवा. राजवाड्यांच्या खंडांत स्त्रियांची पत्रं आहेत ती बहुतेक मोठ्या घरच्या बायकांची. साक्री, पारोळा, चोपडा या गावांतल्या साध्या घरची बाई मोठ्या संख्येनं स्वतःच्या हातानं लिहू लागली ती स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत, या निळ्या कागदावर. त्या अक्षराच्या दुसऱ्या प्रती कुठल्याही दप्तरात नाहीत.