वखारींतलें घराणें

गेल्या थंडीच्या दिवसांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही ठाण्यांतील कोलशेत रस्त्यावरच्या एका जुन्या औद्योगिक गाळ्यांत संगीत ऐकण्यास गेलों होतों. बाहेर पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. ज्याला ठाऊक तो येई. आंत साठ-सत्तर तरुण-तरुणी, एक मंद तांबडा दिवा, आणि टेबलामागें खालीं मान घालून उभे असलेले दोन मुलगे, एक डोंबिवलीचा व दुसरा कळव्याचा. गाणें नाहीं, शब्द नाहींत. मिनिटास सवाशेंच्या आसपास पडणारा एकच ठोका, आणि त्यावर इतक्या सावकाश पालटणारे स्वर, कीं पालट झाल्याचें तो होऊन गेल्यावर ध्यानांत यावें. वाजविणाराकडे कोणी पाहत नव्हतें. आमच्या वयाचें तेथें दुसरें कोणी नव्हतें. तरी एका मुलीनें न सांगतां आम्हांस प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. परततांना पुतण्या म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यांत हें नाहीं. गाळा पाडायला घेतलाय." प्रस्तुत लेखाचें निमित्त तें एक वाक्य.

हें संगीत म्हणजे पाश्चात्त्यांचें एक नवें खूळ, अशी आमचीही समजूत होती, व पुष्कळ वाचकांची ती असेल. त्याचा इतिहास पाहूं जातां निराळीच गोष्ट आढळते. याच्या दोन मुख्य शाखा, 'हाउस' व 'टेक्नो'. पैकीं 'हाउस' हें नांव, बहुतेक इतिहासकारांच्या मतें, एका इमारतीवरून आलें. १९७७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं एका जुन्या कारखान्याच्या तीन मजली इमारतींत 'वेअरहाउस', म्हणजे वखार, या नांवाचें नृत्यगृह निघालें. फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कहून आलेला तरुण तेथें तबकड्या लावी. एक संपण्यापूर्वी दुसरी तिच्या ठोक्यांत अशी मिसळी, कीं नाचणारांचा पाय थांबूं नये. जमणारे बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांतही पुष्कळसे समलिंगी तरुण. इतर नृत्यगृहांत त्यांना मानानें वागविलें जात नसे. १२ जुलै १९७९ रोजीं त्याच शहरांत बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटानें उडविण्यांत आली, आणि हजारों प्रेक्षक जल्लोष करीत मैदानांत घुसले. डिस्को बाजारांतून उठला, परंतु वखारींत चालू राहिला. दुकानांतून लोक 'वेअरहाउसमध्यें वाजतें तें' मागूं लागले, व त्या लांबलचक नांवाचें शेपूट तेवढें शिल्लक उरलें.

आमच्याकडेही किराणा, आग्रा, ग्वाल्हेर या गांवांनीं घराण्यांस नांवें दिलीं आहेत. परंतु आमचें घराणें गुरुशिष्याच्या नात्यावर चालतें; गांव सुटलें तरी तें तुटत नाहीं. अब्दुल करीम खां मिरजेस येऊन राहिले, आणि किराण्याची गायकी महाराष्ट्राची झाली. शिकागोच्या घराण्यास गंडा बांधणारा गुरु नव्हता. त्याला होत्या त्या चार भिंती.

टेक्नोचें गांव डेट्रॉइट. हें मोटारींचें शहर. १९५० सालीं तेथें साडेअठरा लाख वस्ती होती, ती २०१० सालीं सात लाख चौदा हजारांवर आली. जवळच्या बेलव्हिल गांवीं शाळेंत एकत्र असलेले हुआन ॲटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉन्डरसन या तिघांनीं यंत्रांच्या साहाय्यानें जें संगीत रचलें, त्याचा संग्रह १९८८ सालीं इंग्लंडांत निघाला व टेक्नो हें नांव जगभर झालें. पुढें, १९९० नंतरच्या वर्षांत, पॅकार्ड मोटारींच्या ओसाड कारखान्यांत रात्र-रात्र हें संगीत वाजलें. बर्लिनमध्यें भिंत पडल्यावर १९९१ सालीं एका उद्ध्वस्त दुकानाच्या तळघरांतील तिजोरीच्या खोलींत 'ट्रेझोर' सुरू झालें. त्या शब्दाचा अर्थच तिजोरी. २०२४ सालीं जर्मनीनें बर्लिनच्या टेक्नोची आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत नोंद केली.

हें सर्व ज्या यंत्रांवर घडलें तीं जपानचीं. रोलंड या कंपनीनें १९८० सालीं टीआर-८०८ हें तालयंत्र काढलें. पाठोपाठ टीबी-३०३ हें खर्जाचे स्वर काढणारें छोटें यंत्र आलें. साथीदार न मिळणाऱ्या वादकाला घरीं सराव करतां यावा, हा ३०३ चा हेतु. परंतु त्यांतून खऱ्या वाद्यासारखा आवाज निघेना, आणि १९८४ पर्यंत दोन्ही यंत्रांचें उत्पादन बंद पडलें. मग जुन्या मालाच्या दुकानांत तीं स्वस्तांत मिळूं लागलीं, आणि ज्यांच्या खिशांत फारसें कांहीं नव्हतें अशा पोरांच्या हातीं पडलीं.

आतां मुंबईची हकीकत. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील कसलेले वादक. गिटार, बेस, पुढें सिंथेसायझरही वाजवीत, आणि लग्नसमारंभांतून आपला ताफा घेऊन जात. नवीं वाद्यें मिळवून त्यांशीं खटपट करण्याची त्यांना हौस होती. १९८२ सालीं, म्हणजे तीं यंत्रें अद्याप नवीं असतांना, त्यांनीं ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ हें सिंथेसायझर एकमेकांस जोडून १० राग ध्वनिमुद्रित केले, व ती तबकडी 'टेन रागाज टू ए डिस्को बीट' या नांवानें ग्रामोफोन कंपनीनें काढली. भैरव, ललत, तोडी, भूप, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी, असा तो क्रमनिरपेक्ष मेळा. पहांटेचा ललत आणि उत्तररात्रीचा मालकंस एकाच ठोक्यावर! कर्मठ श्रोत्यानें कान झांकावे असाच हा प्रकार. परंतु शांतपणें ऐकल्यास त्यांत एक युक्ति दिसून येते. षड्ज हलत नाहीं, ठोका हलत नाहीं, आणि त्या दोन स्थिर गोष्टींमध्यें स्वरांची आवर्तनें थोडथोडीं उलगडत जातात. ३०३ मध्यें एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, ती मींडेच्या फार जवळची आहे. ज्या गुणासाठीं पुढें शिकागोच्या पोरांनीं तें यंत्र डोक्यावर घेतलें, तो चरणजित सिंगांना रागाच्या वाटेनें सांपडला. शिकागोच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी आली ती १९८७ सालीं.

मुंबईची तबकडी खपली नाहीं. पुष्कळ वर्षांनीं एका डच संग्राहकाला ती दिल्लींतल्या दुकानांत मिळाली. २०१० सालीं तिची नवी आवृत्ति निघाली, आणि अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईकर असल्याचा डांगोरा पिटला गेला. सत्तरीच्या घरांत चरणजित सिंग युरोपांतील तरुणांपुढें वाजवूं लागले. २०१५ सालीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. आम्हांस हा जनकपणाचा अभिमान उसना वाटतो. शिकागोंत ती तबकडी ऐकून कोणी कांहीं केल्याचा पुरावा नाहीं. आणि जे ऐकूं शकत होते त्या आम्हीं मुंबईकरांनीं ती ऐकली नाहीं. यंत्रें तींच होतीं, प्रतिभाही कमी नव्हती. नव्हती ती वखार: शनिवारामागून शनिवार तींच माणसें जमतील, आजचें आवडलें नाहीं तर पुढच्या खेपेस पुन्हां ऐकतील, आणि त्यांतला एखादा घरीं जाऊन स्वतः करून पाहील, अशी फुकटची किंवा स्वस्त जागा. त्या काळच्या मुंबईंत डिस्को नाचावयाचा तर बड्या हॉटेलांत. तेथें नव्या पोराला दाराशींच कोण उभें करणार?

योगायोग असा, कीं त्याच १९८२ च्या १८ जानेवारीस गिरणगांवांतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या बसल्या त्या बसल्याच. डेट्रॉइटप्रमाणें येथेंही प्रचंड रिकाम्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु डेट्रॉइटची जमीन कवडीमोल झाली होती, आणि मुंबईची सोन्याच्या भावानें विकली जात होती. ओसाड राहण्याचीही येथें कोणास फुरसत नव्हती. मथुरादास गिरणीच्या आवारांत २००७ सालीं निघालेलें 'ब्लू फ्रॉग' नऊएक वर्षें टिकलें. पण तें ऐपतदारांचें ठिकाण. शेजारच्या कमला मिल आवारांत २९ डिसेंबर २०१७ च्या रात्रीं उपाहारगृहांस लागलेल्या आगींत १४ माणसें गेलीं. खरें सांगावयाचें तर कोलशेतच्या त्या गाळ्यांत आम्ही पहिल्यानें पाहिलें तें बाहेर पडण्याचें दुसरें दार. तें होतें, पण त्याच्यापुढें पत्र्याचे डबे रचलेले होते. चोरून भरणाऱ्या मैफलीचा हा दोष त्या मुलांनीं मान्य केला पाहिजे.

कोलशेत हें मूळचें खाडीकांठचें आगरी-कोळ्यांचें गांव. त्याच्या रस्त्यावर सँडोझचा रंग-रसायनांचा मोठा कारखाना होता. १९९५ पासून त्याचें नांव क्लॅरिअंट झालें. तोही उठला, आणि त्याची जमीन हजार कोटींहून अधिक किंमतीस लोढा समूहाकडे गेली. आज तेथें मनोऱ्यांची वसाहत आहे. मधल्या काळांत ती इमारत रिकामी राहून, कोणीं तींत दिवा लावून वाजवावें इतका अवधि तिला मिळालाच नाहीं.

परंतु कोलशेतचे डीजे म्हणजे केवळ हे दोन मुलगे, असें मानणें अन्यायाचें होईल. या पट्ट्यांतील आगरी-कोळी हळदींत बेंजोच्या ताफ्याशेजारीं यंत्रें आलीं त्याला बराच काळ लोटला; तेथील पोरेंही ठोका जोडतात, जुनीं गाणीं मोडून नवीं करतात. शिकागोच्या वखारींत हेंच चालत नव्हतें काय? मराठींत 'डीजे' हा शब्द तर वाजविणाऱ्या माणसाला सोडून कर्ण्यांच्या भिंतीलाच चिकटला आहे. 'डीजे लावला' असें आम्ही म्हणतों, 'डीजे आला' असें क्वचित्. विसर्जनाच्या मिरवणुकींत ती भिंत छातीवर आदळते, तेव्हां त्या शब्दाचा तिटकारा येणें स्वाभाविक आहे, आणि तो आम्हांसही येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावरील कर्णे बंद ठेवले आहेत, तें योग्यच झालें. बंदिस्त सभागृहांस मात्र त्याच नियमांत सवलत आहे. म्हणजे कायदाही या मुलांना वखारच शोधावयास सांगतो; शहर ती ठेवीत नाहीं.

गेल्या आठवड्यांत त्या रस्त्यानें जाणें झालें. गाळ्याचे पत्रे उतरले होते. समोरच्या नव्या इमारतीच्या फलकावर सोयींची यादी होती. तींत तरणतलावाच्या खालोखाल 'क्लबहाउस' असें लिहिलेलें होतें. पुतण्यानें चौकशी केली होती. तें रहिवाशांपुरतें आहे, आणि दहा वाजतां बंद होतें. त्या मुलांना आतां भिवंडीकडे कोणाचें तरी गोदाम मिळण्याची आशा आहे, असें तो म्हणतो.