'चेक इंजिन'च्या दिव्यामागचा इतिहास

आमच्या घरातल्या एका सदस्याला ग्रीन कार्डाची काळजी कधीच करावी लागली नाही. ती म्हणजे आमची १९९८ सालची सेडान. २००४ मध्ये एम.एस. संपता संपता मी ती सेकंडहँड घेतली आणि आता तिने २ लाख ११ हजार मैल पार केले आहेत. गेल्या उन्हाळ्यात ती कुरकुरू लागली. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरायचं आणि सिग्नल सुटल्यावर गॅस दिला की क्षणभर दम खाऊन मगच पुढे सरकायची. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं, पण मुलीला नुकतंच लर्नर्स परमिट मिळालं होतं. हायवेवर मर्ज होताना मागून ट्रक येत असेल तर तो एक क्षण केवढा असतो, हे तुम्हा मंडळींना सांगायला नको.

'चेक इंजिन'चा दिवा लागला. एका गॅरेजने कोड वाचला : पी-०१७१, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. दोन दिवसांत दिवा परत हजर! पुढचा अंदाज १४०० डॉलरचा निघाला. गाडी भंगारात काढावी, असं घरात बहुमत झालं. मी पडलो आयटीवाला. एरर मेसेज म्हणजे बग नव्हे, हा आमचा रोजचा अनुभव. तेव्हा हे कोड मुळात आले कुठून, ते वाचत बसलो.

उगम निघाला लॉस एंजेलिसच्या हवेत. जुलै १९४३ मध्ये तिथे डोळे झोंबवणारं इतकं दाट धुरकं उतरलं की ऐन युद्धकाळात काहींना तो जपानचा रासायनिक हल्लाच वाटला. त्याचं कोडं सोडवलं कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हे गृहस्थ तोवर अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते! गाड्या आणि रिफायनऱ्यांमधून सुटणारी हायड्रोकार्बनं व नायट्रोजनची ऑक्साइडं यांवर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिलं. ओझोनने रबराला चिरा पडतात. म्हणून वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या हवेत ठेवून, त्यांना चिरा कशा पडतात यावरून ते ओझोन मोजत. मला ही युक्ती फारच आवडली.

पिस्टनच्या कडेने निसटणारे वायू पूर्वी एका नळीने सरळ रस्त्यावर सोडले जात. ते परत इंजिनात ओढून जाळा, असा हुकूम कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये काढला. त्यासाठी आलेला व्हॉल्व्ह म्हणजे पीसीव्ही. हे नाव लक्षात असू द्या. १९७० मध्ये क्लीन एअर अॅक्ट कडक झाला आणि १९७५ च्या मॉडेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पुढच्या पिढीच्या कन्व्हर्टरला पेट्रोलच्या वजनाच्या १४.७ पट हवा, हे प्रमाण जवळजवळ अचूक लागे. ते सांभाळणं साध्या कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचं होतं. १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला. एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरला ते हा सेन्सर सांगतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो.

पण ही यंत्रणा बिघडली तर मालकाला कळणार कसं? म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून स्वनिदानाची सक्ती केली, आणि १९९६ पासून अमेरिकाभर एकच सॉकेट व एकसारखे कोड आले. म्हणजे हा दिवा मुळात हवा राखण्यासाठी जन्मला, गाडी दुरुस्त करण्यासाठी नव्हे. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आहे एवढंच पी-०१७१ सांगतो. तो कुठून शिरला, हे आपण शोधायचं. आमच्या गॅरेजने मात्र निरोप आणणाऱ्यालाच बदलून टाकलं होतं!

पंचवीस डॉलरचा स्कॅनर आणला. गाडी उभी असताना कॉम्प्युटर २४ टक्के जादा पेट्रोल देत होता, २५०० आरपीएमला फक्त ४ टक्के. पेट्रोलचा पंप थकला असता तर वेग वाढल्यावर तूटही वाढली असती. इथे उलटं होतं. उभ्या गाडीच्या इंजिनाला हवा थोडीच लागते, त्यामुळे चोरवाटेने शिरलेली हवा तेव्हाच जास्त त्रास देते. म्हणजे कुठेतरी गळती होती.

ती कुठे, हे मात्र स्कॅनरला सांगता येईना. त्या वेळी बाबा नाशिकहून आले होते. त्यांच्या फियाटचा मिस्त्री इंजिनाला नळी लावून आवाज ऐकायचा, हे त्यांना आठवलं. मी बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा कापला. फिरत्या पट्ट्यापासून हात जपत बाबांनी एक टोक कानाला लावलं आणि दुसरं नळ्यानळ्यांवरून फिरवलं. "इथे फुसफुसतंय बघ."

ती पीसीव्हीची रबरी नळी होती. वळणावर, खालच्या बाजूने, वरून दिसणार नाही अशी चीर. बोट दाबलं आणि थरथर कमी झाली. ती चीर बहुधा उष्णतेने आणि तेलाच्या वाफांनी पडली असणार. पण हागेन-स्मिटसाहेबांची पट्टी डोळ्यांसमोर आलीच. नवी नळी चौदा डॉलरला मिळाली. इन्स्पेक्शन पास झालं. त्या रविवारी मुलीने पहिल्यांदा टर्नपाइकवर गाडी मर्ज केली. मी शेजारी सीट घट्ट धरून बसलो होतो. बाबा मागे बसून अजूनही इंजिनाचा आवाज ऐकत होते.