२२० वजा वय: हा आकडा आला कुठून?

गेल्या हिवाळ्यात नारायणगडाचा चढ पळत चढलो. वर पोचलो तेव्हा छातीच्या पट्ट्यावर आकडा होता २०४. माझं वय २८. घड्याळाच्या हिशेबानं माझं हृदय मिनिटाला १९२ च्या वर जायलाच नको, कारण २२० वजा २८ म्हणजे १९२. खरं सांगतो, घाबरलो. डॉक्टरांना दाखवलं, सगळं ठीक निघालं. पट्टा बदलून पुन्हा चढलो, तर आकडा २०३. मग चूक माझ्या हृदयाची नसून त्या १९२ ची असेल, असं वाटायला लागलं.

तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर पुढची गोष्ट तुमच्या कामाची आहे.

मी संदर्भ उलटे शोधत गेलो. एक पुस्तक दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे. बरेच जण शेवटी फिनलंडच्या मार्टी कार्वोनेन यांच्या १९५७ च्या लेखापाशी येऊन थांबतात. तो लेख मिळवून वाचला. त्यात हे सूत्र नाहीच! आहे ते वेगळंच. त्यांनी वैद्यकीय शाखेच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या तरुण विद्यार्थ्यांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. विश्रांतीतले ठोके आणि कमाल ठोके यांच्यात जे अंतर असतं, त्याच्या साधारण ६० टक्क्यांच्या वर नाडी गेली तरच सरावाचा उपयोग दिसला. म्हणजे मोजमापाची सुरुवात ज्याच्या त्याच्या विश्रांतीच्या नाडीपासून.

हा शोध माझ्या आधी रॉबर्ग्स आणि लँडवेअर यांनी घेतला होता, २००२ मध्ये. त्यांनी तर थेट कार्वोनेन यांनाच विचारलं. या सूत्रावर आपण कधीच मूळ संशोधन प्रसिद्ध केलेलं नाही, असं त्यांनी कळवलं. (लेखकाला विचारायचं धाडस करा. बहुतेक वेळा उत्तर येतं.)

धागा अखेर अमेरिकेत निघाला. १९७० च्या सुमारास सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल हे दोघं हृदयरोग्यांच्या व्यायामाविषयीच्या एका बैठकीला विमानानं निघाले होते. वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे हॅस्केलनी आलेखावर मांडलेले. ते बघून दोघांच्या लक्षात आलं की विसाव्या वर्षी २०० धरले आणि दर वर्षाला एक ठोका कमी केला तर रेघ बरी बसते. १९७१ मध्ये ते छापूनही आलं, आणि कुठलीही एकच रेघ या आकड्यांना पुरी पडणार नाही हेही तिथेच लिहिलेलं होतं. आकडे कुणाचे? काही धूम्रपान करणारे, काही हृदयरोगी. सगळ्या माणसांचा नमुना म्हणून ती मंडळी निवडलेलीच नव्हती. पुढच्यांनी सूत्र उचललं, इशारा तिथेच राहिला.

१९८२ मध्ये फिनलंडच्याच पोलर कंपनीनं मनगटावर वाचता येणारं बिनतारी हृदयगती-यंत्र आणलं. अशा यंत्राला झोन पाडायला एक कमाल आकडा लागतो, आणि वय तर प्रत्येकाला तोंडपाठ असतं. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास, १८,७१२ माणसं एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारलेलं सूत्र दिलं. चांगलं काम. पण तीही सरासरीच. एकाच वयाच्या माणसांत दहा-बारा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सामान्य आहे. तनाकांच्या हिशेबानंही माझे १८८ च येतात.

आमच्या भागात पोलीस भरतीची १६०० मीटर डोळ्यासमोर ठेवून पळणारी पोरं भरपूर. दोघं २२ वर्षांचे घ्या. एकाची सकाळची नाडी ४८, दुसऱ्याची ७८. सूत्रानं दोघांचे कमाल ठोके १९८, आणि त्याचे ७० टक्के म्हणजे १३९, दोघांनाही तेच. आता कार्वोनेनच्या पद्धतीनं बघा. पहिल्याचं अंतर १५०, त्याचे ७० टक्के १०५, अधिक ४८, झाले १५३. दुसऱ्याचे १६२. शिवाय पहिल्याचे खरे कमाल ठोके १९८ नसून १८५ असतील तर त्याचा आकडा १४४ वर येतो. चुकीच्या झोनमध्ये पळणारा एक तर रोज दमतो, नाही तर महिनोन्‌महिने पळूनही तिथल्या तिथेच राहतो. भरतीच्या वर्षात दोन्ही महागात पडतं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. २०१८ मध्ये परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखालचा सराव सोडून तो पुन्हा लष्करातल्या अमरीश कुमार यांच्याकडे आला, आणि त्याच वर्षी भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसचा गोपाळ सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, ८ मिनिटं २९.८० सेकंदांत. एवढ्यावरून कुठलं सूत्र काढू नका, उदाहरण एकच आहे.

तुम्हाला स्वतःचं बघायचं असेल तर अंथरुणातून उठायच्या आधी आठवडाभर नाडी मोजा, वहीत लिहा. कमाल ठोक्यांसाठी चढ लागतो, सोबत कुणीतरी लागतं, आणि छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर. माझ्या घड्याळात मी १९२ पुसून २०४ टाकलंय. चढावर त्याची कुरकुर आता बंद आहे.