भीमरॅपचे आजोळ

बुद्ध, बाबासाहेब आणि ‘पोरांनो शिका, नशापाणी सोडा’ हा निरोप घेऊन मराठी मुले रॅप करू लागली, त्याला आता बरीच वर्षे झाली. या प्रकाराचे कूळ विचारले की जो तो न्यूयॉर्कचा पत्ता देतो. ११ ऑगस्ट १९७३, ब्रॉंक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. तिथे डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत तबकड्या फिरवल्या आणि हिपहॉप जन्मले. पत्ता खोटा नाही, पण तो वडिलांकडचा आहे. भीमरॅपचे आजोळ नाशिक जिल्ह्यात आहे, आणि तिकडची वंशावळ ब्रॉंक्सपेक्षा बरीच जुनी आहे.

ती सुरू होते तमाशाच्या फडात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. पुढे त्यातल्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले की व्याख्यानाला मोजकी माणसे येतात आणि तमाशाला गाव लोटतो. मग त्यांनी तमाशाचा सांगाडा उचलला. ढोलकी राहिली, तुणतुणे राहिले, सोंगाड्याही राहिला. गणात गणपतीऐवजी निर्मिकाचे, म्हणजे सृष्टी घडवणाऱ्याचे, स्तवन आले, गौळणीतली छेडछाड मागे पडली आणि वगात भटजी, सावकार नि अडाणी शेतकरी उभे राहिले. हा सत्यशोधक जलसा. सभ्य लोक ज्या कलेला नाक मुरडत होते, तीच निरोपासाठी निवडली गेली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढच्या प्रत्येक पिढीने हेच केले.

हाच जलसा पुढे आंबेडकरी चळवळीने उचलला, आणि त्या आंबेडकरी जलशाचा धागा नाशिककरांच्या हाती आला त्याला कारण आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो सुमारे पाच वर्षे चालला आणि स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. लाठ्या, दगड, बहिष्कार, तुरुंग हे सगळे नाशिकच्या आसपासच्या गावांनी घरात भोगले. याच जिल्ह्यातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेत खपत होती. त्यांतल्याच भीमराव कर्डकांनी १९३१च्या सुमारास नाशिक जिल्हा युवक संघाचा संगीत जलसा उभा केला. दिवसा पाळी, रात्री तालीम. जलसा चाळीत व्हायचा तसा खेड्यातल्या वस्तीतही. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, दारू सोडा, देवऋषाच्या नादी लागू नका, लेकराला शाळेत घाला, असा त्याचा मजकूर. बाबासाहेबांनी हा जलसा पाहिला आणि आपल्या दहा सभांचे काम तो एका रात्रीत करतो असा अभिप्राय दिला, ही आठवण जलसाकारांच्या परंपरेत अभिमानाने सांगितली जाते. पुढे कर्डकांनी या जलशांवर पुस्तकही लिहिले. ते नसते तर ही सगळी हकिकत आज ऐकीव राहिली असती.

भीमरॅप बुद्धाचे नाव घेतो, पण या जलशात श्रद्धा कुठली, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. मधली एकवीस वर्षे हा समाज एक दार ओलांडून बाहेर पडलेला आणि दुसऱ्या दारात अजून न पोचलेला, असा होता. त्या काळात गाणे काही थांबले नाही. त्यामुळे या परंपरेतल्या श्रद्धेला हुज्जत घालायची सवय लागली. ती हात जोडण्याआधी कारण विचारते. माझ्या मते भीमरॅपला मिळालेला सगळ्यांत मोलाचा वारसा हाच आहे. ताल आणि शब्द त्याच्या मागून येतात.

ही दोन दारे जोडणारा माणूसही याच जिल्ह्यातला, सिन्नर तालुक्यातला. देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२. पोटासाठी मुंबईला गेले, मजुरी केली, अक्षरओळख मोठेपणी झाली. कुणीतरी पत्र वाचायला दिले आणि वाचता येईना, ही सल त्यांना शिकायला भाग पाडून गेली. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले, ते एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन होते. थोर लोककवीची सुरुवात उसन्या चालीवर झाली याचे काहींना वाईट वाटते. मला त्यात शहाणपण दिसते. चाल आधीच ओठांवर बसलेली असेल, तर ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष शब्दांकडे जाते. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ या गाण्याने ‘शिक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’चा ठेका घेतला, तेव्हा अमेरिकेतली मुले हीच युक्ती करत होती.

उसना साचा हा नाशिककडचा खास उद्योगच म्हणावा. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आपल्याला ‘स्मृतिचित्रे’मुळे ठाऊक असतात. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण येशूची भजने लिहिताना ते वारकऱ्यांच्याच वळणाने गेले.

वारकरी वळणातली आणखी एक गोष्ट रॅपमध्ये दिसते. अभंगाच्या शेवटी कवीने आपले नाव गुंफायचे, ही आपली जुनी रीत. त्र्यंबकेश्वरी समाधी असलेल्या निवृत्तिनाथांनी ती पाळली, वामनदादांच्या कडव्यांतही ‘वामन’ येतो, आणि रॅपर गाण्याच्या तोंडाशी आपले घेतलेले नाव ठणकावून सांगतो तेव्हा तोही तेच करत असतो. फरक इतकाच की संत नाव शेवटी ठेवत. या बदलावर एक स्वतंत्र लेख होईल.

मधला काळ कव्वालीचा आणि मग कॅसेटचा. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत भीमजयंतीला कव्वालीचे सामने रंगत. दोन पार्ट्या समोरासमोर बसत, एकीच्या सवालाला दुसरीने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. आजची मुले ज्याला ‘बॅटल’ म्हणतात, त्याचे नियम त्यांच्या आजोबांना पाठ होते. कॅसेट आल्यावर प्रल्हाद शिंद्यांचा खणखणीत आवाज विठ्ठलाच्या गाण्यांसह भीमगीतेही घेऊन घरोघर पोचला. कॅसेटने पसारा वाढवला खरा, पण हुज्जत कमी केली. स्तुती वाढली. डीजेच्या भिंती आल्यावर तर शब्द ऐकूच येईनासे झाले. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ मध्ये गेले, आणि त्यानंतर काही काळ भीमगीत म्हणजे छातीत घुमणारा नुसता दणका, अशी अवस्था होती.

रॅपने शब्द परत आणले, हे त्याचे उपकार. रॅपमध्ये चाल जवळजवळ नसतेच, म्हणून गायकाला चालीआड लपता येत नाही. आज या प्रकारातली ठळक नावे नाशिकची नाहीत, अमरावतीकडची आहेत: विपिन ताताड आणि ‘१००आरबीएच’ या नावाने गाणारा सौरभ अभ्यंकर. वऱ्हाडी बोलीचा ठसका त्यांनी बीटवर चढवला, जातीवर आणि सत्तेवर बोलले, बाबासाहेबांचे नाव घेतले. आजोळ एका जिल्ह्यात आणि भरभराट दुसऱ्यात, हे कुळकथांत नेहमीचेच.

अमेरिकेतही श्रद्धेचा रॅप आहे. स्टीफन वायलीचे ‘बायबल ब्रेक’ १९८५ मध्ये आले, तेव्हा रॅपसारख्या रस्त्यावरच्या कलेत देवाचे नाव कसे, अशी कुरकुर चर्चच्या लोकांत होती. २०१३ मध्ये लक्रे या रॅपरच्या ‘ग्रॅव्हिटी’ या अल्बमला गॉस्पेल विभागात ग्रॅमी मिळाले. जलशालाही हाच आक्षेप होता: तमाशात ज्ञान कसले? पण अमेरिकेतला हा रॅपर बहुधा आपल्या तारणाची साक्ष देतो, एकट्याची. जलसाकार वस्तीचे गाऱ्हाणे मांडत असे. आपल्याकडचा रॅपर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. कधी तो वस्ती असतो, कधी नुसता ‘मी’ असतो आणि मग गाडी, साखळी नि ‘माझ्यासारखा मीच’ यांवर घसरतो.

जलशातली एक गोष्ट मात्र त्याने अजून फारशी उचललेली नाही. जलशात विरोधकाला मंचावर बोलायला मिळे. कर्मठ भटजी, नवसाला बोकड कापणारा गावकरी आणि ‘पोरीला शिकवून काय करायचं?’ म्हणणारी सासू आपापली बाजू मांडत. सोंगाड्या त्यांना बाळबोध प्रश्न विचारून कोंडीत पकडी आणि लोक हसता हसता आपल्याच घरातल्या माणसाला ओळखत. रॅपमध्ये सगळी बाजू एकच गळा मांडतो, आणि तोही चिडलेला. मोबाइलवर ऐकणारे बहुतेक आधीच पटलेले असतात. दोन आवाजांचा भीमरॅप, ज्यात दुसरा आवाज खरोखरच अडचणीचा सवाल टाकील, तो कुणी केला तर चाळीतल्या त्या जुन्या प्रेक्षकांनाही तो चटकन कळला असता.